येशू झालाच नाही, असे म्हणणाऱ्या विवेकवादी मित्रांसाठी

नाताळ जवळ आला की ‘येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही’ असे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरायला लागतात. ते पुढे पाठवणारे दोन प्रकारचे असतात. एकाला शेजारच्या धर्माला खाली दाखवायचे असते. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, कारण त्याला येशूशीही देणेघेणे नसते आणि इतिहासाशीही. दुसरा मात्र आपला असतो. तो अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, नवससायास मानत नाही, आगरकर वाचलेला असतो आणि ‘पुरावा दाखवा’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. हा लेख त्या दुसऱ्यासाठी आहे. मीही त्याच गोटातला. येशू देवाचा पुत्र होता, पाण्यावरून चालला, मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला, यातले काहीही मी मानत नाही. पण पहिल्या शतकात पॅलेस्टाइनच्या उत्तरेकडच्या गालीलात येशू नावाचा एक यहुदी उपदेशक होऊन गेला आणि रोमन अधिकारी पिलाताने त्याला वधस्तंभावर मारले, एवढे मी मानतो. प्राचीन काळातल्या इतर माणसांना आपण जी कसोटी लावतो, तीच लावून मानतो. ती कसोटी एकट्या येशूपुरती कडक करायची, हे मला विवेकाला धरून वाटत नाही.

‘येशू ही निव्वळ कल्पना आहे’ हा विचार आजचा नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात व्होल्नी आणि द्युपुई या दोघांनी येशूची कथा म्हणजे सूर्याच्या भ्रमणाचे रूपक आहे असे मांडले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ब्रुनो बाउअर वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचला. १९०९ मध्ये आर्थर ड्रेव्स या जर्मन तत्त्वज्ञाच्या पुस्तकाने एवढे वादळ उठवले की पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यावर जाहीर वादसभा झाली. १९२२ मध्ये लेनिनने लढाऊ भौतिकवादावर लिहिताना ड्रेव्सची दखल घेतली आणि पुढे सोव्हिएत संघात येशूचे काल्पनिक असणे हे जवळजवळ सरकारी मत होऊन बसले. आजच्या काळात अमेरिकेतल्या रिचर्ड कॅरिअरने २०१४ मध्ये संभाव्यतेचे गणित वापरून हीच बाजू मोठ्या ग्रंथात मांडली. ही मंडळी अभ्यास न करता बोलतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही विद्यापीठांतून हा काळ शिकवणाऱ्यांपैकी अगदी मोजके लोक त्यांच्या बाजूला आहेत, आणि उरलेले सगळे काही पाद्री नाहीत. जोसेफ क्लाउसनर आणि गेझा व्हर्मेश हे यहुदी अभ्यासक होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दीर्घकाळ शिकवलेले बार्ट एरमन तरुणपणी कट्टर ख्रिस्ती होते, पुढे त्यांची श्रद्धा सुटली, आणि बायबलच्या हस्तलिखितांत झालेल्या फेरफारांवर लिहूनच ते नावारूपाला आले. येशू होऊन गेला, याबद्दल मात्र त्यांना शंका नाही. चर्चची बाजू राखण्यात त्यांचा काय फायदा?

सूर्यकथेची ती पद्धत आपल्या बुद्धालाही लावून झाली आहे. सेनार आणि केर्न या युरोपीय पंडितांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुद्धचरित्रात सूर्य आणि तारे शोधले. केर्नच्या मांडणीत तर हाडामांसाचा बुद्ध जवळजवळ उरलाच नाही. मग १८९६ मध्ये लुंबिनीला अशोकाचा स्तंभ उजेडात आला, ‘येथे बुद्ध शाक्यमुनी जन्मले’ असे सांगणारा. तो लेखही बुद्धाच्या हयातीतला नाही, बऱ्याच पिढ्यांनंतरचा आहे. तरी बुद्ध झालाच नाही असे आज कोणी गांभीर्याने म्हणत नाही, आणि मायादेवीच्या स्वप्नातल्या पांढऱ्या हत्तीवर विश्वास ठेवण्याची सक्तीही कोणी करत नाही.

आता मुख्य आक्षेप. येशू जिवंत असताना त्याच्याबद्दल कोणी एक ओळही लिहिली नाही. हे खरे आहे, आणि ते आडवळणाने न सांगता सरळ मान्य केले पाहिजे. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो येशूचा समकालीन होता. पिलाताच्या हडेलहप्पीबद्दल तो लिहितो, येशूबद्दल लिहीत नाही. गालीलातल्याच तिबेरियास गावचा जस्टस नावाचा इतिहासकार होता. त्याचा ग्रंथ आज हरवला आहे, पण नवव्या शतकात फोटियस या ख्रिस्ती पंडिताने तो वाचला होता आणि त्यात येशूचे नाव नाही, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले.

पण मग त्या काळच्या कोणाबद्दल समकालीन लेखन उरले आहे, हेही विचारायला नको का? खुद्द पिलाताचेच घ्या. इ.स. २६ ते ३६ अशी दहा वर्षे तो यहूदियात रोमचा सर्वोच्च अधिकारी होता. सैन्य त्याच्या हाताखाली, करवसुली त्याच्याकडे, मृत्युदंडाचा अधिकार त्याचा. त्याच्या कचेरीतला एकही कागद उरलेला नाही. फायलोच्या लिखाणातला उल्लेख, काही ब्राँझची नाणी, आणि एक दगड. तो दगडही १९६१ मध्ये सापडला. कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात इटालियन उत्खननकारांना पायरीसाठी पुन्हा वापरलेला चुनखडीचा एक तुकडा मिळाला. त्यावरची अक्षरे अर्धीअधिक झिजलेली, पण पिलाताचे नाव आणि हुद्दा वाचता येतो. एखाद्या गवंड्याने तो दगड फोडून चुन्याच्या भट्टीत टाकला असता तर सम्राटाच्या या अधिकाऱ्याचा दगडावरचा पुरावा शून्य झाला असता. ज्याच्या हाती सारी सत्ता होती त्याची ही अवस्था, मग खेड्यातल्या सुताराच्या मुलाची दफ्तरी नोंद कोण ठेवणार होते?

पुढे इ.स. ५० च्या दशकात इजिप्तहून आलेला एक संदेष्टा यरुशलेमेजवळच्या जैतुनाच्या डोंगरावर हजारो माणसे घेऊन गेला आणि ‘माझ्या आज्ञेने शहराचे तट कोसळतील’ असे सांगू लागला. रोमन सैन्याने त्याचे लोक कापले, तो पळाला. एवढी मोठी घटना, पण त्याचे नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. त्याच्याबद्दल जे काही कळते ते बव्हंशी जोसेफस या एकाच इतिहासकाराकडून, तेही वीसएक वर्षांनी लिहिलेले. तो इजिप्शियन झालाच नाही असा ग्रंथ कोणी लिहिलेला मी पाहिला नाही.

जोसेफसचे नाव निघालेच आहे तर त्याच्याकडे नीट पाहू, कारण या वादात दोन्ही बाजू त्याचा दुरुपयोग करतात. जोसेफस जन्माने यहुदी, पुरोहित घराण्यातला. रोमविरुद्धच्या बंडात तो गालीलात सेनानी होता, पकडला गेला, आणि पुढे रोममध्ये सम्राटाच्या आश्रयाने राहून त्याने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. इ.स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या अठराव्या भागात येशूवर एक परिच्छेद आहे. आजच्या प्रतींत तो साधारण असा वाचायला मिळतो: याच सुमारास येशू नावाचा एक शहाणा माणूस झाला, त्याला माणूस म्हणणे योग्य असेल तर, तो ख्रिस्त होता, पिलाताने त्याला वधस्तंभाची शिक्षा दिली, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत होऊन आपल्या लोकांना दिसला. हे शब्द जसेच्या तसे जोसेफसचे असणे शक्य नाही. येशूला ख्रिस्त, म्हणजे यहुदी ज्याची वाट पाहत होते तो तारणारा मसीहा, मानले असते तर जोसेफस ख्रिस्ती झाला असता, आणि तो मरेपर्यंत यहुदी राहिला. शिवाय तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन स्पष्ट लिहितो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. म्हणजे ओरिजेनसमोरच्या प्रतीत हे वाक्य असे नव्हते. पुढे कोणा श्रद्धाळू लेखनिकाने हात चालवला. कितीएक ख्रिस्ती प्रचारक आजही हा परिच्छेद अखंड सोन्याचा म्हणून पुढे करतात. ते चूकच आहे.

पण या परिच्छेदातली भेसळ दाखवली की जोसेफसचा प्रश्न संपला, असे आपल्या बाजूचे लोक समजतात, तेही चूक. त्याच ग्रंथाच्या विसाव्या भागात दुसरा उल्लेख आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. इ.स. ६२ ची गोष्ट. फेस्त हा रोमन अधिकारी मरण पावला होता आणि त्याच्या जागी आलेला अल्बिनस अजून वाटेत होता. मधल्या काळात हनान नावाच्या तापट महायाजकाने संधी साधून सभा भरवली आणि काही लोकांना दगडमार करून मारण्याची शिक्षा दिली. त्यात ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ, याकोब नावाचा’ एक जण होता. शहरातल्या नेमस्त लोकांना हे आवडले नाही, त्यांनी वरपर्यंत तक्रार नेली आणि राजा अग्रिप्पाने हनानाला तीन महिन्यांतच पदावरून काढले. इथे जोसेफसला येशूची थोरवी सांगायची नाही. त्याचा विषय आहे हनानाची अरेरावी. याकोब हे नाव गल्लोगल्ली होते, म्हणून कोणता याकोब ते कळावे यासाठी भावाचे नाव सांगितले. आणि येशू हेही तितकेच चलनी नाव, म्हणून कोणता येशू तेही सांगितले. बनावट मजकूर घुसडणारा भक्त असा कोरडा, ‘ज्याला म्हणतात त्या’ अशा तुटक शब्दांत लिहून थांबेल, हे पटत नाही. हाही उल्लेख नंतर घातलेला आहे असे कॅरिअर म्हणतो. पण ओरिजेनला याकोबाचा हा उल्लेख माहीत होता, आणि तो ‘ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ हेच शब्द वापरतो.

टॅसिटस या रोमन इतिहासकाराचा दाखला मी कमी वजनाचा धरतो. इ.स. ११६ च्या आसपास लिहिताना तो सांगतो की ६४ साली रोमला लागलेल्या आगीचे खापर नीरोने ख्रिस्ती लोकांवर फोडले आणि या पंथाच्या मूळ पुरुषाला तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला होता. टॅसिटसला हा पंथ किळसवाणा वाटतो, तेव्हा तो त्याची भलावण करत नाही हे उघड आहे. पण त्याला ही माहिती सरकारी दफ्तरातून मिळाली की रोममधल्या ख्रिस्ती लोकांकडून ऐकीव, हे ठरवायला साधन नाही. पिलाताचा हुद्दाही तो आपल्या काळच्या रिवाजाप्रमाणे देतो, कैसरियाच्या दगडावर वेगळा आहे.

खरा पुरावा दुसरीकडे आहे. तो येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत आहे, आणि तोही ती लिहिणाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध उरलेला आहे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला बखरीएवढे चांगले उदाहरण नाही. अफजलखानाच्या भेटीआधी तुळजाभवानीने महाराजांना दर्शन देऊन अभय दिले असे सभासद लिहितो. म्हणून प्रतापगडाची भेट झालीच नाही, अफजलखान हे रूपक आहे, असे आपण म्हणतो का? राजवाड्यांपासून आपल्याकडच्या इतिहासकारांनी बखरींवर कडक टीका केली, त्यांतल्या तारखा आणि आकडे फेटाळले, पण बखर वाचण्याची एक रीतही तयार केली. लिहिणाऱ्याचा ओढा कुठे आहे ते आधी ओळखायचे. त्या ओढ्याच्या दिशेने जे वाहते त्यावर संशय घ्यायचा, आणि त्याच्या विरुद्ध जे टिकून राहिले आहे ते जपून बाजूला काढायचे. मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने इ.स. ७० ते १०० च्या दरम्यानची, भक्तांनी भक्तांसाठी ग्रीकमध्ये लिहिलेली. ती याच रीतीने वाचली पाहिजेत.

तशी वाचली की काय दिसते? मसीहा दाविद राजाच्या गावी, बेथलेहेमात जन्मणार अशी अपेक्षा होती. येशू मात्र नासरेथचा. नासरेथ हे इतके किरकोळ खेडे की यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत त्याचे नावच नाही, जोसेफसही ते घेत नाही. ‘नासरेथातून काही चांगले निघू शकते काय?’ हा टोमणा योहानाच्या शुभवर्तमानातच नोंदलेला आहे. (नासरेथ हे गावच तेव्हा नव्हते, असेही काही जण म्हणत होते. २००९ मध्ये तिथे त्याच काळातल्या घराचे अवशेष सापडले.) मग येशूचा जन्म बेथलेहेमात कसा दाखवायचा? मत्तय म्हणतो, आईबाप बेथलेहेमातच राहत होते, हेरोदाच्या भीतीने पळाले आणि नंतर नासरेथात आले. लूक म्हणतो, ते मूळचे नासरेथचेच, पण रोमन शिरगणतीसाठी योसेफाला पूर्वजांच्या गावी जावे लागले. दोन्ही कथा एकमेकींशी जुळत नाहीत. हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये मेला आणि लूकने ज्या क्विरिनियसचे नाव घेतले त्याची शिरगणती इ.स. ६ ची, मध्ये नऊ-दहा वर्षांचे अंतर. शिवाय हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या गावी जाऊन नाव नोंदवायचे, हे कर गोळा करणाऱ्या रोमला कशासाठी हवे होते?

आपले मित्र इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, सगळे रचलेले आहे. मी म्हणतो, एक पाऊल पुढे या. जन्मकथा रचलेलीच आहे. पण ती रचण्याचा एवढा खटाटोप का करावा लागला? येशू हे पात्रच कल्पनेतले असते तर त्याला बेथलेहेमात जन्माला घालून तिथेच वाढवता आले असते. नासरेथची ब्याद कोणी मागितली होती? दोघा लेखकांना वेगवेगळ्या, परस्परविरोधी वाटांनी एकाच अडचणीतून बाहेर पडावे लागते, तेव्हा ती अडचण त्यांच्याआधीची असते आणि सगळ्यांना माहीत असते. तो माणूस नासरेथचा होता.

बाप्तिस्म्याचेही तसेच. योहान बाप्तिस्मा करणारा यार्देन नदीत लोकांना पापांची क्षमा व्हावी म्हणून बुडवून काढत असे. हा योहान ऐतिहासिक आहे, जोसेफसने त्याच्यावर स्वतंत्र लिहिले आहे. मार्क, सर्वांत जुना, सरळ सांगतो की येशू आला आणि त्याने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. निष्पाप देवपुत्राला पापक्षमेचे स्नान कशाला? आणि गुरू कोण, शिष्य कोण? मत्तय लिहितो तेव्हा हा प्रश्न बोचू लागलेला असतो, म्हणून त्याच्या कथेत योहानच म्हणतो की बाप्तिस्मा मी तुमच्याकडून घ्यायचा. लूक योहानाला तुरुंगात टाकल्याचे आधी सांगून टाकतो आणि मग बाप्तिस्मा कोणी दिला हे न सांगता पुढे सरकतो. चौथ्या शुभवर्तमानाचा लेखक योहान प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचे वर्णनच गाळतो. एक घटना क्रमाक्रमाने झाकली जाताना आपल्याला दिसते. न घडलेली घटना झाकावी लागत नाही.

आणि वधस्तंभ. ‘झाडावर टांगलेला प्रत्येक जण शापित’ असे यहुद्यांच्या नियमशास्त्रात आहे. वधस्तंभ ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा, शरीराची आणि नावाची दोन्हींची विटंबना. १९६८ मध्ये यरुशलेमेच्या उत्तरेला एका अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या तरुणाच्या टाचेचे हाड सापडले, त्यात लोखंडी खिळा आरपार गेलेला. खिळ्याचे टोक वाकलेले होते, म्हणूनच तो काढता आला नाही आणि हाडासकट पुरला गेला. जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे त्या देशात हजारोंना असे मारले, आणि तिथल्या मातीत खिळ्यासह उरलेले नि:संशय असे हे जवळजवळ एकच हाड. असा मृत्यू आलेला माणूस मसीहा आहे, असे कोणत्या यहुद्याने मुद्दाम कल्पिले असते? मसीहा शत्रूंचा पाडाव करील ही अपेक्षा होती, शत्रूंनी त्याला नागडा करून टांगावे ही नव्हती. सैनिकांनी त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्याचा तपशील स्तोत्रांतून उचलला आहे, हे मान्य. पण जुन्या ग्रंथांतली ठिगळे शोधून शोधून लावावी लागली, कारण खाली फाटलेले वस्त्र होते. पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल स्वतः कबूल करतो की वधस्तंभावर मारलेला ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो.

पौलाकडेच आता येतो, कारण माझ्या मते या वादाचा निकाल त्याच्या एका वाक्यात आहे. पौलाची अस्सल मानली जाणारी पत्रे इ.स. ५० च्या दशकातली, म्हणजे कोणत्याही शुभवर्तमानाच्या आधीची. काल्पनिक-येशूवादी म्हणतात, पौलाला पृथ्वीवरचा येशू माहीतच नाही, त्याचा ख्रिस्त स्वर्गातला आहे. येशूचे चरित्र पौल फारसे सांगत नाही हे बरोबर आहे. पण गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो काय म्हणतो ते पाहा. त्याच्यावर आरोप आहे की त्याला अधिकार नाही, जे काही ज्ञान आहे ते त्याने यरुशलेमेच्या लोकांकडून उसने घेतले. पौल चिडून उत्तर देतो: मला कोणा माणसाने शिकवले नाही. तीन वर्षांनी मी यरुशलेमेला गेलो, केफाजवळ, म्हणजे येशूचा पट्टशिष्य पेत्र याच्याजवळ, पंधरा दिवस राहिलो. दुसऱ्या कोणा प्रेषिताला भेटलो नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब याला पाहिले. आणि लगेच शपथ घेतो, देवासमक्ष सांगतो, हे खोटे नाही.

शपथ कशासाठी? या भेटी पौलाच्या बाजूच्या नाहीत. आपण यरुशलेमेवर अवलंबून नव्हतो हे त्याला दाखवायचे आहे, त्यामुळे भेटी जितक्या कमी तितके बरे. तरी याकोबाची भेट त्याला कबूल करावी लागते, कारण ती लोकांना माहीत होती. या याकोबाशी त्याचे पटत नव्हते. पुढच्याच अध्यायात अंत्युखियाचे भांडण आहे: याकोबाकडून काही माणसे आली आणि तोवर परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसणारा पेत्र उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. याकोबाचे वजन हा पौलाच्या मार्गातला धोंडा होता. ते वजन कशाचे होते? तो येशूचा भाऊ होता याचे. येशू जर पृथ्वीवर कधी पाय न ठेवलेला स्वर्गीय पुरुष असता, तर ‘हा कसला भाऊ?’ एवढेच विचारून पौलाला वाद मिटवता आला असता.

यावर कॅरिअरचे उत्तर असे की ‘प्रभूचा भाऊ’ म्हणजे नुसता ख्रिस्ती बंधू, सगळेच विश्वासणारे एकमेकांचे भाऊ. हे उत्तर मी बराच वेळ तपासून पाहिले आणि मला ते टिकताना दिसत नाही. तसे असेल तर पेत्रही भाऊच; मग त्याच वाक्यात पेत्राला न लावलेले बिरुद याकोबालाच का? आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल ‘इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा’ असे तीन वेगळे गट मोजतो, हे सगळे बायकोला घेऊन फिरतात, मग मला का तो हक्क नाही असे विचारतो. तिथे ‘प्रभूचे भाऊ’ म्हणजे सारे ख्रिस्ती असा अर्थ लावला तर वाक्याला अर्थच राहत नाही. मार्क येशूच्या भावांत याकोबाचे नाव देतो. आणि पौलाची पत्रे वाचण्याचे ज्याला काही कारण नव्हते तो जोसेफस त्याच याकोबाला येशूचा भाऊ म्हणून ओळखतो. ज्या माणसाचा भाऊ दुसऱ्याला प्रत्यक्ष भेटला, आणि ज्या भावाचा शहरात सर्वांदेखत खून झाला, तो माणूस कल्पनेतला कसा?

रोममध्ये पुजला जाणारा मित्र (मिथ्रास) आणि इजिप्तचा ओसायरिस या देवांच्या कथांवरून येशू बेतला, हा मुद्दा मोबाइलवर सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कच्चाही. मित्र हा देव कथेप्रमाणे खडकातून जन्मला, कुमारीच्या पोटी नव्हे. २५ डिसेंबर ही तारीख तर शुभवर्तमानांत कुठेच नाही. रोममध्ये ती चौथ्या शतकात नोंदलेली आढळते. सणाची तारीख कुठूनही आली असो, तिच्यावरून माणसाच्या असण्यानसण्याचा निर्णय होत नाही.

आपल्याकडे याच्या उलट टोकाची एक परंपरा आहे, तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. ती येशूला नाकारत नाही, आपल्यात ओढून घेते. निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये जाहीर केले की लडाखच्या हेमिस मठात आपण येशूच्या भारतवासाची पोथी ऐकली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस तिथे गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी नाही आणि असा प्रवासी आला नाही असे सांगितले. श्रीनगरच्या रोजाबल दर्ग्यात येशू पुरला आहे असे मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडले. आणि मराठीत गणेश दामोदर सावरकर यांच्या १९४६ च्या ‘ख्रिस्त परिचय’ या पुस्तकात येशू मूळचा तमिळ हिंदू होता, अखेरचे दिवस त्याने काश्मिरात काढले, असे प्रतिपादन आहे. यांपैकी कशालाही पहिल्या शतकातला तर सोडाच, त्यानंतरच्या कित्येक शतकांतला आधार नाही. गंमत म्हणून या गोष्टी ऐकणारे लोक पौल आणि जोसेफससमोर मात्र ‘समकालीन पुरावा आणा’ म्हणून अडून बसतात. वसईत, अहिल्यानगरात, कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या कानांवर हे पडते तेव्हा त्यांना त्यात शोध दिसत नाही, हिणवणे दिसते. आणि बऱ्याचदा ते बरोबर असतात.

मग इतिहासाच्या हाती कोणता येशू उरतो? फार थोडा. नासरेथचा, अरामी बोलणारा यहुदी. भाऊबहिणी असलेला. योहानाच्या प्रभावाखाली आलेला, पुढे स्वतः देवाच्या राज्याची घोषणा करत हिंडलेला, आजारी बरे करतो अशी ख्याती झालेला. घरच्यांना त्याला वेड लागल्यासारखे वाटले होते, हेही मार्कनेच लिहून ठेवले आहे. इ.स. ३० च्या सुमारास वल्हांडण सणाला यरुशलेमेत गेला, तिथे पकडला गेला, पिलाताने मारला. एवढेच.

हा येशू चर्चला सोयीचा आहे, असे ज्याला वाटते त्याने त्याचे शब्द पुन्हा वाचावेत. ‘इथे उभे असलेल्यांपैकी काही जण देवाचे राज्य आलेले पाहिल्याशिवाय मरणार नाहीत’ असे मार्कच्या नवव्या अध्यायात तो सांगतो. तो दिवस नेमका कोणता, हे पुत्रालाही माहीत नाही, असेही तोच म्हणतो. ते सगळे जण मेले आणि राज्य आले नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिलेले पौलाचे पत्र त्याच्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी. त्यात प्रभू येईल तेव्हा ‘आपण जे जिवंत राहू’ असे पौल लिहितो, म्हणजे तो स्वतःला त्या जिवंतांत धरतो, आणि आधीच मेलेल्यांचे काय होणार म्हणून घाबरलेल्या लोकांची समजूत काढतो. पेत्राच्या नावाने पुढे फार उशिरा लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात लोक उघड थट्टा करताना दिसतात: कुठे आहे तो येणारा? त्यावर लेखक उत्तर देतो की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. आपल्या हातांनी देव रचणाऱ्याने त्याच्या तोंडी असे मुदतीचे वचन घातले नसते, जे एका पिढीत खोटे ठरून पुढच्या सगळ्या पिढ्यांना सारवासारव करायला लावते. हे वचन एका खऱ्या माणसाने दिले होते, ऐकणाऱ्यांना ते पाठ होते, आणि म्हणूनच ते पुसता आले नाही.